ब्रश कटर : घरगुती देखभाल व दुरुस्ती

ब्रश कटर हे गवत, तण व लहान झुडपे कापण्याचे, खांद्याला पट्ट्याने अडकवून किंवा हातात धरून चालवायचे यंत्र आहे. लांब नळीच्या एका टोकास इंजिन किंवा विजेची मोटर आणि दुसऱ्या टोकास वेगाने फिरणारी नायलॉनची दोरी अथवा धातूचे पाते अशी त्याची रचना असते. महाराष्ट्रात हे यंत्र 'ग्रास कटर' व 'गवत कापणी यंत्र' या नावांनीही ओळखले जाते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा, शेताचे बांध, घरांची आवारे, शाळांची मैदाने आणि रस्त्यांच्या कडा साफ करण्यासाठी त्याचा वापर होतो.

या यंत्राचा वापर हंगामी असतो. पावसाळ्यात ते काही आठवडे सतत चालते आणि त्यानंतर कित्येक महिने एका कोपऱ्यात पडून राहते. त्यामुळे त्यातील नेहमीचे बिघाड वापरातील झिजेपेक्षा शिळे इंधन, चुकीचे तेल-मिश्रण व साठवणुकीतील दुर्लक्ष यांतून अधिक उद्भवतात. प्लगचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश व ग्रीस एवढ्या सामग्रीवर यांतील बहुतेक बिघाड घरी टाळता किंवा दूर करता येतात.

## उगम

नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची कल्पना १९७१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील उद्योजक जॉर्ज बॅलस यांनी प्रत्यक्षात आणली. मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा हिरवळीच्या कडा कापणाऱ्या यंत्रावर बसवून पहिला नमुना तयार केला. 'वीड ईटर' या नावाने ते यंत्र बाजारात आले. १९७७ मध्ये हा व्यवसाय एमर्सन इलेक्ट्रिक या कंपनीने विकत घेतला. दोरीसाठी लागणारे नायलॉन त्याआधीच, १९३५ मध्ये, ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनातून निर्माण झाले होते.

## रचना व कार्य

पेट्रोलवर चालणाऱ्या ब्रश कटरमध्ये टू स्ट्रोक किंवा फोर स्ट्रोक प्रकारचे लहान इंजिन असते. टू स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. फोर स्ट्रोक इंजिनात तेलाची जागा वेगळी असते व टाकीत निव्वळ पेट्रोल भरतात. इंजिनाची गती केंद्रोत्सारी क्लचमार्फत नळीतील शाफ्टकडे आणि तेथून टोकाच्या गिअर हेडकडे जाते. इंजिन मंद गतीने चालू असताना क्लच सुटलेला असतो व दोरीचे डोके स्थिर राहते. गती वाढताच क्लचचे भाग बाहेर फेकले जाऊन डोके फिरू लागते.

नायलॉनची दोरी मऊ असली तरी वेगाने फिरताना ती ताठ होते. कापणीचा व्यास ४० सेंटिमीटर व गती मिनिटाला ७,००० फेरे असल्यास दोरीच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४७ मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरहून अधिक होतो. या वेगाच्या आघातानेच गवत तुटते. वाटेत आलेला खडादेखील याच वेगामुळे दूरवर उडतो.

डोक्यामागील संरक्षक झाकणाला एक छोटे पाते असते. ते दोरी ठरावीक लांबीवर आपोआप कापते. अडचण वाटते म्हणून हे झाकण काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. झाकण काढल्यास दोरी प्रमाणाबाहेर लांब राहते, इंजिनावर भार पडून त्याची गती घटते, क्लच घसरून तापतो व कालांतराने निकामी होतो. त्यामुळे झाकण हे चालकाच्या पायांइतकेच इंजिनाचेही संरक्षण करते.

## नाशिक परिसरातील वापर

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत मुसळधार पाऊस पडतो, तर पूर्वेकडील सिन्नर, येवला व नांदगाव हे तालुके कमी पावसाचे आहेत. पश्चिम भागात गवत पावसाळाभर वाढत राहते. पूर्व भागात वाढ कमी असते, परंतु वाळलेल्या गवताची धूळ अधिक असल्याने एअर फिल्टर लवकर भरतो.

निफाड, दिंडोरी, चांदवड व नाशिक या तालुक्यांतील द्राक्षबागांमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली जाते. या दोन छाटण्यांमधील पावसाळ्यात वेलींच्या ओळींमध्ये तण माजते. ब्रश कटरने तण कापल्यास मुळे जमिनीत राहून माती धरून ठेवतात व कापलेले गवत आच्छादन म्हणून उपयोगी पडते. २,४-डीसारख्या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने वेलीवर आल्यास द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात. यंत्राने कापणी केल्यास हा धोका राहत नाही.

तथापि या पद्धतीला मर्यादा आहेत. हराळी व लव्हाळा ही तणे जमिनीखालील भागांतून पुन्हा फुटतात. गाजर गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच कापावे लागते, अन्यथा कापणीतूनच त्याचे बी पसरते. त्याच्या संपर्काने काहींना त्वचेचा व श्वसनाचा त्रास होतो. बोदावरील ठिबकच्या नळ्या दोरीच्या एका फटक्याने फुटतात. कोवळ्या वेलीच्या बुंध्याची साल सभोवार सोलली गेल्यास मुळांना अन्न मिळणे बंद होऊन वेल मरू शकते. म्हणून बुंध्याजवळचे व नळीलगतचे तण खुरप्याने काढणेच योग्य ठरते.

## इंधन व वंगण

टू स्ट्रोक इंजिनाचे आयुष्य पेट्रोल व तेल यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. योग्य प्रमाण यंत्राच्या माहितीपुस्तिकेत व पुष्कळदा टाकीच्या टोपणावर दिलेले असते. एक लिटर पेट्रोलमध्ये मिसळावयाचे तेल पुढीलप्रमाणे :

* २५:१ प्रमाणासाठी ४० मिलिलिटर
* ४०:१ प्रमाणासाठी २५ मिलिलिटर
* ५०:१ प्रमाणासाठी २० मिलिलिटर

तेल अंदाजपंचे ओतू नये. ते मापाच्या नळकांड्याने किंवा औषधाच्या बाटलीच्या झाकणावरील मापाने मोजून घ्यावे. तेल कमी पडल्यास पिस्टन व सिलिंडर घासून इंजिन जाम होते. जास्त झाल्यास धूर वाढतो, प्लग काळा पडतो व सायलेन्सरमध्ये काजळी साचते. मोटारीचे साधे इंजिन तेल या कामी चालत नाही. हवेने थंड होणाऱ्या टू स्ट्रोक इंजिनासाठी असलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे 'टू-टी' तेलच वापरावे. मिश्रण यंत्राच्या टाकीत न करता वेगळ्या डब्यात करावे, ते नीट हलवावे आणि महिनाभरात संपेल एवढेच बनवावे.

पेट्रोलमधील इथेनॉलकडे अलीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भारतात पेट्रोलमधील इथेनॉल मिश्रणाचे १० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२२ मध्ये व २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. ब्रश कटरच्या अनेक माहितीपुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉललाच मान्यता आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी बराच काळ तशीच ठेवल्यास पाण्याचे प्रमाण वाढते आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील नळी तळातून इंधन ओढत असल्याने इंजिनाला तेलविरहित द्रव मिळतो. यंत्र चालू न होण्याचे हे एक कारण आहे आणि तशाच स्थितीत ते चालू झाल्यास इंजिन जाम होण्याचा धोका असतो.

फोर स्ट्रोक इंजिनात दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी लागते. सुमारे ३५ सीसीच्या इंजिनात जेमतेम १०० मिलिलिटर तेल मावते, त्यामुळे थोडी घटही हानिकारक ठरते. पहिले तेल सुमारे १० तासांच्या वापरानंतर व पुढे साधारण ५० तासांनी बदलतात.

## नायलॉनची दोरी

हलक्या विद्युत यंत्रांत साधारण १.६ ते २ मिलिमीटर व पेट्रोल यंत्रांत २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची दोरी वापरतात. यंत्राला मान्य असलेल्या जाडीपेक्षा जाड दोरी बसविल्यास इंजिनावर भार येतो.

दोन टोकांच्या डोक्यात दोरी भरताना ती मधोमध दुमडून रिळाच्या खाचेत अडकवतात. दोन्ही बाजू रिळावरील बाणाच्या दिशेने, एकमेकींवर न चढवता, सारख्या ताणाने गुंडाळतात. रीळ काठोकाठ भरत नाहीत. दोन्ही टोके छिद्रांतून सुमारे १५ सेंटिमीटर बाहेर काढून झाकण बसवितात. जमिनीवर डोके हलकेच टेकवल्यावर दोरी बाहेर येत नसल्यास ती आत एकमेकींवर अडकलेली, उष्णतेने चिकटलेली किंवा छिद्राच्या आतच तुटलेली असते. डोके उघडून दोरी पुन्हा गुंडाळल्यास हा दोष जातो. डोक्यातील स्प्रिंग व घासून बारीक झालेली टेकणी याच वेळी तपासावी.

नायलॉनमध्ये थोडा ओलावा असल्यास ते लवचिक राहते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेली दोरी ठिसूळ होते व पहिल्याच दिवशी वारंवार तुटते. अशी दोरी रात्रभर पाण्यात भिजवून वापरल्यास तिचा चिवटपणा बराचसा परत येतो. एकाच शेडमध्ये ओलावा इंधनाला मारक व दोरीला उपकारक ठरतो.

दोरी संपल्यावर तिच्या जागी क्लचची केबल, बांधणीची तार किंवा साखळी लावणे अत्यंत धोक्याचे आहे. तुटलेला धातूचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. साखळीसारख्या, जोडलेल्या धातूच्या भागांची कापणी-डोकी बाजारात आणण्यावर युरोपीय आयोगाच्या निर्णयानुसार २०१२ पासून तेथे बंदी आहे.

## नियमित देखभाल

कोणतेही काम करण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे व स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी.

* एअर फिल्टर : स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवतात. पुस्तिकेत सांगितले असल्यास त्यावर तेलाचे काही थेंब सोडून पिळून बसवितात. कागदी फिल्टर धुत नाहीत. तो हलकेच झटकतात व खराब झाल्यास बदलतात. फिल्टर काढून यंत्र चालविल्यास धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.
* स्पार्क प्लग : प्लगच्या टोकांतील अंतर बहुतेक यंत्रांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. तपकिरी टोक योग्य ज्वलनाचे लक्षण मानतात. काळे व ओले टोक जास्त तेल किंवा भरलेला फिल्टर दर्शविते, तर पांढुरके टोक इंजिन तापत असल्याची किंवा इंधन कमी मिळत असल्याची सूचना देते.
* गिअर हेड : साधारण २५ ते ५० तासांच्या वापरानंतर बाजूचा स्क्रू काढून ग्रीस भरतात. पोकळी पूर्ण ठासून भरू नये. तापलेल्या ग्रीसला फुगण्यास जागा न मिळाल्यास सील फुटते. डोक्याच्या आसाभोवती गुंडाळलेले ओले गवत रोज काढावे, कारण त्यामुळेही सील फाटून पाणी आत शिरते.
* थंड होण्याचे मार्ग : सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये व स्टार्टरच्या जाळीत साचलेला गवताचा भुसा कोरड्या ब्रशने काढावा. यंत्रावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.
* सायलेन्सर : अनेक यंत्रांच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशी ठिणग्या अडविणारी बारीक जाळी असते. ती काजळीने भरल्यास इंजिन चालू होते, पण जोर धरत नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ केल्यास इंजिन पूर्ववत चालते.
* नट व स्क्रू : कंपनामुळे ते सैल होतात. मुठी, झाकण व पाते यांचे नट रोज तपासावेत. पाते पकडणाऱ्या नटाचे आटे बहुधा उलट असतात.

## बिघाडाचे निदान

चालू न होणाऱ्या इंजिनाची तपासणी इंधन, ठिणगी, हवा व दाब या क्रमाने केल्यास अनावश्यक खोलाखोल टळते.

१. इंधन : स्विच 'चालू' स्थितीत आहे का, टाकीत ताजे मिश्रण आहे का व प्रायमरचा रबरी फुगा दाबल्यावर त्यात पेट्रोल येते का, हे प्रथम पाहतात. फुगा भरत नसल्यास टाकीतील फिल्टर तुंबलेला किंवा नळी तडकलेली असते. फिल्टर नळीच्या टोकाला असतो व वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीच्या तोंडातून बाहेर काढता येतो.

२. प्लगची स्थिती : दोरी अनेकदा ओढल्यानंतर प्लग काढून पाहतात. तो कोरडा असल्यास इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. ओला असल्यास पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. पेट्रोल जास्त झाल्यास प्लग पुसून, चोक उघडा ठेवून, प्लगविना काही वेळा दोरी ओढल्यावर सिलिंडर कोरडा होतो.

३. ठिणगी : प्लग वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवतात व दोरी ओढतात. ही चाचणी सांडलेले पेट्रोल पुसून, टाकीचे टोपण बंद करून व प्लगच्या छिद्रापासून दूर करावी. ठिणगी न दिसल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहतात.

४. कार्बुरेटर : प्लग कोरडा व नळी साफ असूनही इंजिन चालू न झाल्यास, किंवा फक्त चोक लावूनच चालत असल्यास, कार्बुरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर साचलेला असण्याची शक्यता असते. तो उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतल्यास जोडणी सोपी जाते. बारीक छिद्रांत तार घालू नये. कार्बुरेटर क्लीनर व हवेचा झोत वापरावा. पातळ पडदा, अर्थात डायफ्राम, कडक किंवा सुरकुतलेला असल्यास गॅस्केटसह बदलतात.

५. दाब : दोरी ओढताना नेहमीचा प्रतिकार जाणवत नसल्यास पिस्टन, रिंग किंवा सिलिंडर झिजलेले असतात. हे काम कार्यशाळेचे आहे.

इंजिन मंद चालू असताना डोके फिरत राहिल्यास मंदगतीचा स्क्रू थोडा सैल करतात. तरीही ते थांबत नसल्यास क्लचची स्प्रिंग तुटलेली असू शकते. असे यंत्र दुरुस्तीपूर्वी वापरू नये. याउलट इंजिन वेगाने चालत असूनही डोके फिरत नसल्यास क्लच झिजलेला, शाफ्ट निसटलेला किंवा गिअर तुटलेले असते.

## हंगामाअखेरची साठवण

महाराष्ट्रात खंडेनवमी व दसऱ्याला अवजारे स्वच्छ करून पूजण्याची प्रथा आहे. पावसाळाही साधारण त्याच सुमारास संपत असल्याने ब्रश कटरच्या साठवणीसाठी हे दिवस सोयीचे ठरतात.

प्रथम टाकीतील इंधन डब्यात काढून घेतात. नंतर इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवितात, म्हणजे कार्बुरेटरमधील उरलेले पेट्रोल संपते. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून छिद्रात टू-टी तेलाचे काही थेंब सोडतात, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढतात व प्लग परत बसवितात. नळी व डोके कोरड्या कापडाने पुसून, पात्याला तेलाचा हात फिरवून, यंत्र ऊन व ओल यांपासून दूर टांगून ठेवतात. जुने तेल व शिळे पेट्रोल नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.

मृगाच्या पावसापूर्वी यंत्र बाहेर काढून ताजे मिश्रण, स्वच्छ फिल्टर व भिजवलेली दोरी यांसह एकदा चालवून पाहावे. बिघाड असल्यास कार्यशाळांत गर्दी होण्यापूर्वी तो दुरुस्त करता येतो.

## विद्युत व बॅटरी प्रकार

वायर जोडून चालणारी यंत्रे ओल्या गवतात वापरू नयेत. त्यांच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा व वायर रोज तपासावी. कार्बन ब्रश असलेल्या मोटरमध्ये गती घटल्यास किंवा जास्त ठिणग्या दिसल्यास ब्रश जोडीने बदलतात. बॅटरीच्या यंत्रांत लिथियम बॅटरी हा सर्वांत महाग भाग असतो. हंगामानंतर ती साधारण निम्मी भारित ठेवून, यंत्रातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी. धातूच्या वस्तू व बॅटरीचे धातूचे संपर्कबिंदू एकत्र येणार नाहीत, अशा बेताने तिचे तोंड झाकून ठेवणे चांगले.

## सुरक्षितता

काम करताना संरक्षक चष्मा, बूट, लांब पँट व कानांचे संरक्षक वापरावेत. नाशिक परिसरातील मुरमाड जमिनीत बेसॉल्टचे खडे विपुल असल्याने कापणीपूर्वी जागा पाहून घ्यावी आणि इतर व्यक्ती व जनावरे किमान १५ मीटर दूर ठेवावीत. रस्त्याकडेला काम करताना वाहने जात असल्यास थांबावे. तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरू नये. इंधन भरल्यानंतर काही मीटर दूर जाऊन यंत्र चालू करावे. सतत कंपनाने बोटांना मुंग्या येत असल्यास विश्रांती घ्यावी व कंपन वाढले असल्यास वाकलेले पाते, असमान दोरी किंवा सैल मुठी तपासाव्यात.

## कार्यशाळेत करावयाची कामे

जाम झालेला पिस्टन, क्रँकशाफ्टचे सील, क्लच आणि स्टार्टरची गुंडाळलेली स्प्रिंग ही कामे अनुभवी कारागिराकडून करून घ्यावीत. स्टार्टरची स्प्रिंग उघडताना उसळून डोळ्याला इजा करू शकते. कार्बुरेटरच्या मिश्रणाचे स्क्रू केवळ आवाजावरून फिरविणेही टाळावे. इंधनाचे प्रमाण कमी झाल्यास इंजिन सुरुवातीला अधिक चपळ वाटते. परंतु इंधनाबरोबर तेलही कमी मिळत असल्याने ते तापून जाम होते. तडकलेले किंवा वाकलेले धातूचे पाते ठोकून अथवा वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये; ते बदलणे हाच त्यावरील उपाय आहे.